संमेलनात मागील चाकाचे बेअरिंग बदलताना

मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत मागची बेअरिंगे ब्रेक ड्रममध्येच बसवलेली असतात, त्यामुळे हे काम खारघर-नेरुळच्या एखाद्या सपाट, पक्क्या आवारात भरलेल्या कार-क्लबच्या संमेलनातही करता येते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली, की बेअरिंगच्या सीलमधून (पाणी-धूळ अडवणाऱ्या कड्यातून) पाणी शिरून वेगाबरोबर वाढणारी घरघर सुरू होते.

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना अडणी लावावी, हँडब्रेक सोडावा आणि चाकाचे नट सैल करूनच जॅक लावावा. नुसत्या जॅकवर विसंबू नये. गाडी स्टँडवर टेकवावी आणि चाक काढावे. डस्ट कॅप, कॉटर पिन (नट सुटू न देणारी दुमडती पिन) व नट काढून ड्रम ओढावा. आतली धूळ फुंकू नये, कारण जुन्या ब्रेक शूजमध्ये (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्ये) ॲस्बेस्टॉस असू शकते; ती ओल्या फडक्याने टिपावी.

जुनी बेअरिंगे ड्रिफ्टने (ठोकण्याच्या धातूच्या दांड्याने) आळीपाळीने समोरासमोर ठोकत काढावीत आणि मधला स्पेसर (दोन बेअरिंगांत अंतर राखणारी नळी) जपून ठेवावा. खरी कसोटी नवी बसवताना लागते. दाब फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे, कारण आतल्या कड्यावर ठोकल्यास तो गोळ्यांमधून जाऊन त्या ज्या खाचेत फिरतात त्या धावपट्टीवर खळगे पाडतो आणि नवे बेअरिंगही लवकरच आवाज करू लागते. जुन्या बेअरिंगचे बाहेरचे कडे ठोकण्यासाठी उत्तम. सॉकेट (पान्याची नळीसारखी वाटी) चालेल, पण त्याच कड्याच्या मापाचा. दुसरे बेअरिंग बसवण्यापूर्वी स्पेसर विसरू नये. ग्रीस ब्रेक शूजला लागू देऊ नये.

नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळून नवीच कॉटर पिन घालावी, मग चाक लावून ते वर-खाली हलवून खेळ (ढिलेपणा) तपासावा.