कॉमिक चोरीला जाण्याआधी त्याचे डाग टिपून ठेवा

कॉमिकचा दर्जा ठरवून (ग्रेडिंग करून) ते प्लास्टिकच्या डबीत सील करणाऱ्या सीजीसी या कंपनीच्या डबीवरचा क्रमांक नोंदवाच, पण त्यावर विसंबू नका; चोर आधी डबीच फोडतो. अंक सील करायला पाठवण्याआधी दोन्ही मुखपृष्ठं ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. पिनांचा गंज, कण्यावरच्या बारीक चिरा, तिरकी कापलेली कड जवळून टिपा. दोन प्रतींत हे सगळं जुळत नाही, म्हणूनच मालकी सिद्ध होते. चोरी झाल्यास पोलीस तक्रारीची प्रत, क्रमांक आणि स्कॅन लिलावगृहांना व ग्रेडिंग कंपनीला लगेच पाठवा. आणि कागद जपून ठेवा, वर्षानुवर्षं! हॉलिवूड अभिनेता निकोलस केजचा २००० मध्ये चोरीला गेलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ (सुपरमॅन पहिल्यांदा आला तो अंक) थेट २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या भाड्याच्या गोदामात सापडला.