रॅलीच्या आदल्या दोन दिवसांत गाडीवर काम करताना या चुका टाळा

रॅली नाशिकची असो की चिकमगळूरची, हौशी टीमची गाडी दोन दिवस आधीही गॅरेजमध्ये घोड्यांवरच (म्हणजे लोखंडी स्टँडवर) उभी असते. नोकरी-धंदा सांभाळून हा छंद करायचा, त्यात पार्ट उशिरा येतात आणि लेथवाला ‘उद्या देतो’ म्हणतो. हे सगळीकडेच चालतं. पण शेवटच्या दोन दिवसांत कोणतं काम हातात घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, हे ठरवताना बहुतेक टीम चुकतात. इतक्या उशिरा गाडी वेगवान होत नाही. ती फक्त शेवटच्या स्टेजपर्यंत, म्हणजे वेळ मोजून पळवायच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, टिकेल अशी करता येते. त्यामुळे माझा एकच आग्रह आहे: ज्या कामानंतर गाडी किमान वीस-पंचवीस किलोमीटर पळवून बघायला वेळ उरणार नाही, ते काम सुरूच करू नका. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि ते काम होत नसेल तर गाडी स्टार्टला नेऊ नका.

नवे ब्रेक पॅड, तेही आदल्या रात्री

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. पॅड झिजलेले आहेत, नवे टाकले, पेडल दाबून पाहिलं, झालं. नवा पॅड पहिल्यांदा खूप तापला की त्यातल्या चिकट द्रव्याचा वायू होतो आणि पॅड डिस्कवरून घसरतो. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. हे पहिल्याच स्टेजच्या उतारावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. म्हणून पॅड बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावायचे, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही. मग ब्रेक न वापरता काही किलोमीटर चालवून थंड होऊ द्यायचे. एवढी सवड नसेल आणि जुन्या पॅडमध्ये पुरेसा मसाला (डिस्कवर घासणारा थर) असेल, तर जुनेच राहू द्या.

ब्रेक ऑइलचं मात्र उलट आहे. ते बदलाच. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल तळाला जातं. बाटली सीलबंद हवी. गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने उघडी पडलेली नको. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना गाडीच्या मॅन्युअलमधला क्रम पाळा आणि टाकीतलं ऑइल मध्येच संपू देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

वेल्डिंगची घाई

मारुती एस्टीमच्या पुढच्या शॉकअपचं माथं जिथे बॉडीला बसतं, तिथला पत्रा खडबडीत रस्त्यावर तडकतो. मारुती जिप्सीला पाटे (लीफ स्प्रिंग) असल्यामुळे तिथे यू-बोल्ट ढिले पडतात आणि ब्रॅकेटला चिरा जातात. रंग आणि सीलरखाली चीर दिसत नाही, त्यामुळे अगोदर तारेच्या ब्रशने जागा उघडी करा. चीर संपते तिथे तीन मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही. मग वेल्ड करून वरून पट्टी मारा. नुसतं वरवर वेल्ड केलं तर दुसऱ्या दिवशी चीर वेल्डच्या शेजारून निघते.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. चिमटा गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढतो. पेट्रोलच्या पाइपाजवळ काम असेल तर एक माणूस अग्निशामक घेऊन उभा हवा, नुसता बघत नाही.

आणि रोल केजला, म्हणजे गाडीच्या आतल्या संरक्षक पाइपांच्या पिंजऱ्याला, हात लावू नका. ट्रिपमीटर (अंतर मोजणारं यंत्र) किंवा दिव्याचं ब्रॅकेट बसवायला केजच्या पाइपात भोक पाडलेलं मी पाहिलं आहे. मुख्य कमानीचा पाइप ४५ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याची जाडी २.५ मिलिमीटर लागते. गाडी उलटली तर तुमच्या आणि शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या को-ड्रायव्हरच्या डोक्यावर तेवढंच लोखंड असतं. त्याला भोक नको, क्लॅम्प लावा.

वायरिंग

फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं म्हणजे आग विकत घेणं. फ्यूज उडतो कारण कुठेतरी वायर घासून उघडी पडलेली असते. डॅशबोर्डच्या मागे आणि दाराच्या बिजागरीपाशी ती आधी शोधा. रात्रीच्या स्टेजसाठी १०० वॉटचे चार दिवे लावले तर १२ व्होल्टवर जवळजवळ ३३ अँपिअर करंट जातो. एवढा करंट थेट स्विचमधून नेला तर स्विच वितळणारच. रिले (मोठा करंट झेलणारे वेगळे स्विच) हवेत, वायर जाड हवी.

कटऑफ स्विच (सगळी वीज एकदम तोडणारा) इंजिन चालू असताना ओढून बघा. तो फक्त बॅटरी तोडत असेल तर अल्टरनेटरवर इंजिन चालूच राहतं आणि स्क्रुटिनीत (रॅलीआधीच्या गाडीच्या तपासणीत) गाडी परत पाठवतात. इंजिन बंद पडलंच पाहिजे.

चेंबर आणि रेडिएटर

चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) गळतोय म्हणून त्याच्या कडेला सिलिकॉन थापू नका. जास्तीचं सिलिकॉन आत दबतं, सुटून ऑइलच्या जाळीत अडकतं आणि इंजिन ऑइलविना जाम होतं. पातळ थर लावा आणि २४ तास सुकू द्या. तेवढा वेळ नसेल तर बोल्ट सारखे आवळा आणि वरून भरायला जास्तीचं ऑइल जवळ ठेवा. रेडिएटरमध्ये गळती थांबवणारी पावडर टाकू नका. ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बंद करते.

व्हील नट, टाय रॉड

टाय रॉडचं (स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं) टोक बदलायचं असेल तर काढण्याआधी लांबी मोजून लिहून ठेवा. नंतर दोन्ही बाजूंना दोरी ताणून चाकांची दिशा तपासा. व्हील नट टॉर्क पान्यानं आवळा आणि चाचणीनंतर पुन्हा एकदा आवळा, कारण चाक हबवर नीट बसलं की नट थोडे सैल होतात.

कागद आणि बेल्ट

दोन स्टेजमधला रस्ता सार्वजनिक असतो. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स लागतातच. सीट बेल्टच्या लेबलवर ‘या वर्षानंतर वैध नाही’ अशा अर्थाची ओळ असते. ती आज वाचा, स्क्रुटिनीच्या रांगेत नको.

उरलेली कामं

जे झालं नाही ते कागदावर उतरवून को-ड्रायव्हरकडे द्या. सर्व्हिस पार्कमध्ये (रॅलीदरम्यान गाडी दुरुस्त करायच्या जागी) बऱ्याचदा २० ते ३० मिनिटंच मिळतात आणि टाइम कंट्रोलला (वेळ नोंदवायच्या नाक्याला) उशिरा पोचलात तर सहसा मिनिटामागे १० सेकंदांचा दंड बसतो. त्यामुळे कोणतं काम आधी, हे आधीच ठरलेलं हवं. एस्टीमच्या ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बूट, म्हणजे रबरी टोपण, फाटलाय आणि नवा मिळत नाही? मग जुन्या गाडीचा अख्खा शाफ्ट पेटीत भरा. सर्व्हिसमध्ये बूट बदलण्यापेक्षा शाफ्ट बदलणं लवकर होतं. सोबत एक लिटर गिअर ऑइल घ्या, कारण शाफ्ट ओढला की गिअरबॉक्समधलं ऑइल सांडतं.