गच्चीवरून घरात नेटची केबल: काय बघून घ्यायची

दुकानात गेल्यावर बहुतेक जण ‘कॅट ५ई की कॅट ६?’ (म्हणजे किती वेग पेलणारी केबल) एवढंच विचारतात. त्याआधी आतली तार आणि बाहेरचं आवरण बघा.

स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो; तिलाच सीसीए म्हणतात. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. तांबूस रंगाखाली चंदेरी दिसलं, तर ती घेऊच नका. सीसीटीव्ही कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून द्यायची असेल, तर हा फरक नक्की जाणवतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. लांबवर व्होल्टेज पडतं, आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. लोक कॅमेरा बदलतात, दोष मात्र केबलचा असतो.

बाहेरच्या भागाला काळ्या पॉलिथिलीन आवरणाची, उन्हाला टिकणारी आउटडोअर केबलच हवी. घरातली राखाडी पीव्हीसी केबल उन्हात कडक होऊन तडकते. मग पावसाळ्यात पाणी त्या चिरेतून शिरतं आणि आवरणाच्या आतून उतरत पार राउटरपर्यंत येतं. जोडाच्या (केबलच्या टोकाच्या प्लगच्या) पिना हिरव्या पडल्या आणि आवरणात ओल दिसली, तर नुसता जोड बदलून भागत नाही. जमिनीत पुरायची असेल, तर जेल भरलेली केबल घ्या. दोन इमारतींमध्ये मात्र तांबं नकोच. जवळपास वीज पडली तरी दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. तिथे फायबर टाका.

राहिला कॅटचा प्रश्न. १ गिगाबिट वेगाला कॅट ५ई १०० मीटरपर्यंत पुरते. भिंतीत कायमची गाडायची असेल, तर कॅट ६ टाका; १० गिगाबिट ती साधारण ५५ मीटरपर्यंत नेते.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. केबल आत घेण्याआधी भोकाच्या वीतभर खाली लोंबू द्या, मग वर वळवा. पाणी त्या वळणावरूनच गळून जातं. नंतर सिलिकॉन भरा. विजेच्या वायरच्या पाइपात ही केबल घालू नका.

जोड बसवताना तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लास्टर करण्याआधी टेस्टर लावून आठही तारा तपासा. गिगाबिट राउटरवर १००० ऐवजी १०० एमबीपीएसचा वेग दिसला, तर बहुधा एखादी तार नीट बसलेली नसते.