ऑक्टोबरमध्ये बेळगावात पक्षी पाहायला निघताना

पाऊस ओसरला की पाहुणे पक्षी येऊ लागतात. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत, म्हणजे तिथल्या दाट झाडीच्या आवारात, सकाळी साडेसहाला पोचा. नऊनंतर ऊन चढतं, हालचाल मंदावते.

८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) दुर्बीण पुरे. घरीच जुळवून घ्या: उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावं झाकून उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. हे राहिलं की डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला दिला जातो. चष्मा असेल तर रबरी कडा खाली घ्या.

मोठ्या झाडाजवळ दहा मिनिटं न हलता उभे राहा. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी हेरा, नजर तिथेच ठेवून दुर्बीण वर आणा. शेंड्यातले पर्णवटवटे, म्हणजे पानांत वावरणारे चिमुकले पक्षी, क्षणभर थांबत नाहीत. नवख्यांनी त्यांच्यामागे सकाळ घालवू नये. राखी कोतवाल उघड्या फांदीवर बसतो, त्याच्यापासून सुरुवात करा: राखी अंग, लाल डोळा, दुभंगलेली शेपूट.

किल्ला तलाव सकाळी पूर्वेच्या काठावरून पाहा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. काठावर शेपूट हलवणारा, शेपटीखाली पिवळा, तो करडा धोबी. काळापांढरा, मोठी पांढरी भुवई असलेला धोबी इथलाच, बारमाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नका, त्यांचं खाणं थांबतं.