ईटीपीच्या आधी रिअ‍ॅक्टर बघा : केमिकल कंपनीत कचऱ्याचं काम शिकताना

पर्यावरण विभागात नव्याने रुजू झालेल्याला बहुतेक ठिकाणी सरळ ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लांटवर पाठवतात. हातात पीएच मीटर आणि सीओडीचं (पाण्यातली घाण नष्ट व्हायला किती ऑक्सिजन लागेल त्या आकड्याचं) रजिस्टर येतं, आणि कचऱ्याचं काम म्हणजे एवढंच असं वाटू लागतं. पण ईटीपीच्या टाकीत काय येणार हे बॅच शीटवर (एका घाणीत काय काय आणि किती घालायचं त्या कागदावर) आधीच लिहिलेलं असतं. तारापूर असो, लोटे असो की कुरकुंभ, पहिले आठ-दहा दिवस प्रॉडक्शनच्या माणसांबरोबर काढा आणि एका उत्पादनाचा वजनी ताळा स्वतः मांडा.

समजा बॅचला १,००० लिटर टोल्युईन हे सॉल्व्हंट (द्रावक) लागतं. लिटरवर थांबू नका, किलोत आणा: सुमारे ८७० किलो. रिकव्हरीतून ७४० किलो परत आलं. सेंट्रिफ्यूजमधून निघालेला ओला केक ३०० किलो आणि त्याचा एलओडी (वाळवल्यावर होणारी घट) २० टक्के, म्हणजे ६० किलो टोल्युईन ड्रायरकडे गेलं. डिस्टिलेशनच्या तळाशी २५ किलो अडकलं. राहिले ४५ किलो, त्यांचा पत्ता नाही. खरं काम या ४५ किलोंपासून सुरू होतं. व्हेंट कंडेन्सरला ब्राइन (थंड केलेलं खारं पाणी) चालू होतं का? व्हॅक्यूम पंपाच्या टाकीवर तवंग आहे का? सेंट्रिफ्यूजचं झाकण किती वेळ उघडं होतं? ड्रायरमागे कंडेन्सर नसेल तर ते ६० किलोही हवेतच गेले म्हणून धरा.

माल धुतलेल्या, म्हणजे वॉशच्या पाण्यावर मात्र घाईने संशय घेऊ नका. टोल्युईन पाण्यात लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळतं, म्हणजे २,००० लिटर पाण्यात एक किलो. पाण्यात त्याहून खूप जास्त सापडलं तर थर नीट सुटलेला नाही, किंवा ऑपरेटरने मधला गढूळ थर पाण्याबरोबर सोडून दिला. मिथेनॉलचं उलट आहे. ते पाण्यात हवं तितकं मिसळतं, दिसत नाही, आणि दर किलोमागे दीड किलो सीओडी घेऊन येतं.

या विषयात ई-फॅक्टर हा शब्द ऐकू येईल : एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये तो मांडला. त्यांच्या अंदाजात मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांना १ पेक्षा कमी ते ५, फाइन केमिकल्सना ५ ते ५०, औषधांना २५ ते १०० किंवा त्याहून जास्त. त्यात पाणी धरलेलं नाही, हे विसरून लोक आकडे एकमेकांशी ताडून बघतात.

आता रिकव्हरी. ती बिघडते ती बहुधा डिस्टिलेशन कॉलममध्ये नाही, कॉलमकडे जाणाऱ्या पाइपात आणि पिंपांत. दोन प्लांटचं वापरलेलं सॉल्व्हंट एका टाकीत ओतलं की संपलं. अ‍ॅसिटोन आणि मिथेनॉल एकत्र झाले तर साधारण ५५-५६ अंशांवर दोन्ही एकत्रच उकळतात, कॉलम कितीही उंच असू द्या. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाण्यात गेलं की साध्या ऊर्ध्वपातनाने ८८ टक्क्यांच्या आसपास अडकतं. त्यामुळे प्रत्येक एमएलला (मदर लिकर, म्हणजे माल गाळून उरलेल्या द्रवाला) वेगळी टाकी. तेवढ्या टाक्या नसतील तर वेगळे ड्रम आणि त्यावर बॅच नंबर. लेबल नसलेला ड्रम हा ड्रम नव्हे, कटकट आहे. तो कोणी घेत नाही, आणि त्याच्या तपासणीला आतल्या मालापेक्षा जास्त खर्च येतो.

टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) असेल तर आधी स्फोटक पेरॉक्साइडची टेस्ट, मगच वाफ सुरू. रिकव्हर झालेल्या टीएचएफमध्ये बीएचटी (पेरॉक्साइड होऊ न देणारा स्टॅबिलायझर) उरत नाही, तो तळाशी राहतो. म्हणून साठवण्याआधी पुन्हा घालावा लागतो. हे नेमकं विसरलं जातं. आणि कुठल्याही सॉल्व्हंटचा शेवटचा थेंब काढायचा मोह नको. तळाचा माल ढवळता येईल इतका पातळ ठेवा आणि गरम असतानाच उतरवा. थंड झाला की बॉटम व्हॉल्व्ह जाम होतो. कोरडा होईपर्यंत तापवला आणि त्यात नायट्रो संयुगं असली तर तो स्वतःच तापून फुटू शकतो.

आम्लाचा हिशेब एकदा तरी हाताने करून बघा. ९८ किलो सल्फ्युरिक आम्लाला ७४ किलो विरवलेला चुना लागतो आणि १७२ किलो जिप्सम तयार होतं. फिल्टर प्रेसच्या केकमध्ये ५० टक्के पाणी धरलं तर ३४४ किलो. म्हणजे रिअ‍ॅक्शनमध्ये ‘राहू दे थोडं जास्त’ म्हणून घातलेलं एक किलो आम्ल साडेतीन किलो गाळ होऊन बाहेर पडतं. चुन्याऐवजी कॉस्टिक वापरलं तर गाळ दिसत नाही, पण १४२ किलो सोडियम सल्फेट टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवतं आणि एमईईच्या (पाणी आटवणाऱ्या बाष्पकाच्या) शेवटी मीठ होऊन समोर येतंच. त्यापेक्षा ते आम्ल स्वच्छ आणि तीव्र असतानाच बाजूला काढा. २०१६ च्या घातक कचरा नियमांतल्या नियम ९ खालची परवानगी असलेला कारखाना ते कच्चा माल म्हणून घेऊ शकतो. फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रियेत वापरलेल्या अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचंही तसंच, त्यातून पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड बनतं. मात्र आम्लाच्या टाकीत स्क्रबरचं (वायू धुणाऱ्या यंत्राचं) हायपोक्लोराइट चुकूनही जाता कामा नये, क्लोरीन सुटतो.

गाळाचं वजन कमी करणं हे सगळ्यात स्वस्त काम, तरी सगळ्यात दुर्लक्षित. एक टन केकमध्ये ७० टक्के पाणी असेल तर घन माल ३०० किलो. तोच ४० टक्क्यांवर आणला की वजन ५०० किलो. तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राला जाणाऱ्या ट्रकचं बिल टनावर निघतं. प्रेसचं कापड धुतलेलं नसणं आणि प्रेस भरण्याआधीच उघडणं, एवढ्या दोनच गोष्टींवर आधी लक्ष द्या.

एमईईला पाणी पाठवण्याआधी पाण्यातलं सॉल्व्हंट काढणारा स्ट्रिपर चालला पाहिजे. नाहीतर सॉल्व्हंट कंडेन्सेटमध्ये येतं आणि ‘शुद्ध’ पाण्याचाच सीओडी वाढतो. सीओडी तपासताना क्लोराइड आकडा फुगवतं; ते लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या वर असेल तर नमुना पातळ करा, मर्क्युरिक सल्फेट मोजून घाला, मगच सीओडीच्या आकड्यावर भांडा.

कागदपत्रं २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे. ईटीपीचा गाळ नियमांच्या यादीतल्या ३५.३ मध्ये, रिकामी दूषित पिंपं ३३.१ मध्ये, कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात) नाव नसलेला कचरा गेटबाहेर काढायचा नाही. फॉर्म ३ ची नोंद रोजच्या रोज, वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत, मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचं पत्रक) फॉर्म १० च्या सात रंगांच्या प्रतींत. निळी प्रत परत आली का, यावर नजर ठेवा. माल ठिकाणावर पोचल्याचा तुमच्याकडचा पुरावा तीच. साठवणुकीची मर्यादा ९० दिवसांची, आणि ते दिवस मोजायचे तर गोणीवर भरल्याची तारीख हवी. मार्करची शाई कोकणच्या पावसात महिनाभरही टिकत नाही, त्यामुळे ऑइल पेंट घ्या.