मशरूम: आधी पाणी आटवा, मग तेल घाला

मशरूमची भाजी पाणचट झाली की बोल मसाल्याला लागतो. मसाल्याचा त्यात काही दोष नसतो. मशरूमच्या वजनात सुमारे 90 टक्के पाणी असतं. कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात कच्चे तुकडे टाकले की ते सगळं मसाल्यातच उतरतं. मग मसाला फिका पडतो आणि मशरूम उकडल्यासारखं करडं, गुळगुळीत राहतं. म्हणून मशरूम आधी वेगळं परतायचं, त्याचं पाणी आटवायचं आणि शेवटी मसाल्यात घालायचं. दहा मिनिटं जास्त लागतात, पण भाजी वेगळीच होते.

दादरच्या मंडईत असो की सोसायटीबाहेरच्या भाजीवाल्याकडे, बटण मशरूम बहुधा 200 ग्रॅमच्या पाकिटात मिळतं. पाकीट घेताना उलटं करून बघा. टोपीखालचा पांढरा पडदा देठाला चिकटलेला असेल तर माल ताजा. पडदा फाटून आतले तपकिरी पापुद्रे दिसत असतील तर माल जून झालेला आहे. तो वाईट नसतो, चव उलट जरा गडदच लागते, पण त्याच दिवशी संपवावा. प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब असतील आणि टोप्या चिकट दिसत असतील तर पाकीट परत ठेवा.

मुंबईच्या दमट हवेत मशरूमला मुख्य त्रास घामाचा. दादरहून डोंबिवलीला पोचेपर्यंत बंद पाकिटात आतल्या आत पाणी धरतं. घरी आल्यावर प्लास्टिक काढा, मशरूम खाकी कागदी पिशवीत किंवा सुती फडकं घातलेल्या डब्यात ठेवा, झाकण सैल असू द्या, आणि डबा फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये ओल जास्त असते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. असं ठेवलं तर तीन-चार दिवस सहज टिकतं. थोडे तपकिरी डाग पडले तर घाबरायचं कारण नाही. सफरचंद कापल्यावर काळं पडतं तसाच तो प्रकार. हाताला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला, तर मात्र टाकून द्या.

टोपीवर जे काळं चिकटलेलं असतं ते पाहून बऱ्याच जणांना किळस येते. बटण मशरूम गव्हाचा भुसा आणि कोंबडीखत कुजवून केलेल्या खतावर वाढवतात हे खरं, पण त्या खतावर वेगळ्या मातीचा किंवा काथ्याच्या भुशाचा थर असतो, आणि टोपीला लागतं ते बहुतेक त्या थराचं. मैदा चोळून धुण्याची पद्धत घरोघरी आहे. तिची गरज नाही, मैदा उगाच पापुद्र्यांत अडकतो. शिजवायच्या अगदी आधी चाळणीत घेऊन वाहत्या नळाखाली बोटांनी झटपट चोळा आणि लगेच फडक्यावर पसरून कोरडं करा. एवढ्याने मशरूम पाणी पीत नाही. पातेल्यात भिजत घातलं, किंवा आदल्या रात्री धुऊन ठेवलं, तर मात्र बिघडतं.

कापताना कंजूषपणा नको. लहान मशरूमचे दोन, मोठ्यांचे चार तुकडे करा. काप करायचेच तर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा पातळ नकोत, कारण परतल्यावर मशरूम जवळजवळ निम्म्यावर येतं. चौघांच्या भाजीला म्हणूनच एक पाकीट पुरत नाही, दोन घ्या. देठ टाकू नका, फक्त टोकाचा सुकलेला भाग उडवा.

आता परतणं. बिडाचा किंवा लोखंडी, साधारण 10 इंची पसरट तवा मोठ्या आचेवर चांगला तापवा. त्यात 200 ग्रॅम तुकडे एका थरात पसरा. तेल नाही, मीठ नाही, झाकण नाही. पहिलं मिनिटभर तुकडे तव्यावर घासून चूं-चूं आवाज करतात. मग पाणी सुटतं आणि खदखद ऐकू येते. इथेच लोक घाबरून गॅस बारीक करतात, करू नका. चार-पाच मिनिटांत पाणी आटतं, खदखद थांबते आणि तवा कोरडा दिसतो. आता मोठा चमचाभर तेल सोडा, चर्र आवाज येईल. तुकडे पसरून दीड-दोन मिनिटं अजिबात हलवू नका, मग उलटा. कडा बदामी झाल्या, भाजल्याचा खमंग वास आला, की चिमूटभर मीठ घालून उतरवा. दुसरं पाकीट वेगळ्या घाण्यात करा. दोन्ही एकदम टाकलीत तर आच पुरत नाही आणि तव्यावर मशरूमचं सूप होतं.

तेल आधी का नाही? कच्चं मशरूम आतून स्पंजासारखं पोकळ असतं, घालाल तेवढं तेल पितं. पाणी निघून ते बसलं की चमचाभरातच काम भागतं. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापवू नये. त्यात थंड तव्यातच तुकडे आणि दोन चमचे पाणी घालून सुरुवात करा, पुढचं सगळं तसंच.

मशरूम जास्त शिजून चिवट होतं ही समजूतही चुकीची आहे. त्याच्या पेशींच्या भिंतींत कायटिन असतं. ते वांग्या-बटाट्यासारखं आचेवर विरघळत नाही, त्यामुळे दहा मिनिटं जास्त झाली तरी फारसं बिघडत नाही. रबरासारखं लागतं ते बहुधा पाणी पुरतं न आटवल्यामुळे.

सुकं करायचं तर 400 ग्रॅम कच्चं मशरूम (दोन पाकिटं) परतून घेतलं की त्याला हे प्रमाण बसतं. दोन मध्यम कांदे उभे चिरून तेलावर गडद होईपर्यंत परता, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजा, आणि पाच-सहा लसूण पाकळ्या व इंचभर आलं घालून सगळं कमीत कमी पाण्यात वाटा. दोन चमचे तेलात पाव चमचा हळद आणि दोन छोटे चमचे मालवणी मसाला मंद आचेवर घाला (मोठ्या आचेवर मसाला करपून कडवट होतो), लगेच वाटण घाला. कडेने तेल सुटेपर्यंत परता. मग पाव वाटी गरम पाणी, मीठ, दोन आमसुलं आणि शेवटी मशरूम. झाकण न ठेवता तीनच मिनिटं. टोमॅटो नको, तो पुन्हा पाणी आणतो. भाकरीबरोबर उत्तम, पावाबरोबर त्याहून बरं.

धिंगरी (ऑयस्टर मशरूम) मिळाली तर सुरी लावू नका. टोपीपासून देठाकडे हाताने उभी फाडा, बुडाचा कडक गड्डा काढा. ती पातळ असते, पाणी दोन-तीन मिनिटांतच आटतं.

पावसाळ्यात रायगड-पालघरकडची रानातली अळंबी विकायला येते. ती वर्षानुवर्षं गोळा करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. आरेत, बागेतल्या हिरवळीवर किंवा सोसायटीच्या कुंडीत उगवलेली छत्री फोटोशी ताडून खाऊ नका. चांदीचं नाणं किंवा लसूण काळी पडते का, ही परीक्षा निरर्थक आहे, आणि काही विषं कितीही शिजवलं तरी जात नाहीत. त्यांतल्या सर्वांत घातक विषाची लक्षणं सहा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. तेव्हा रानातली अळंबी खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट रुग्णालयात जा आणि उरलेला कच्चा तुकडा कागदी पिशवीत घालून सोबत न्या.