कार्टूनमधलं पात्र ऑनलाइन गेममध्ये उतरवताना

हिवाळ्यात ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे जाताना भरती ओसरलेली असली, की खाडीच्या चिखलावर लांबवर एक गुलाबी पट्टा दिसतो. ते अग्निपंख, म्हणजे आपले फ्लेमिंगो. त्यांच्यावरूनच आमच्या बिल्डिंगमधल्या चौघांनी मिळून एक छोटी ॲनिमेशन मालिका केली. सहा भाग, प्रत्येक चारेक मिनिटांचा. तीनशे वर्षांनंतरची ठाण्याची खाडी, वर तरंगणारी बंदरं आणि अंतराळयान चालवणारा एक अग्निपंख. गणपतीत सोसायटीच्या मांडवात पडद्यावर ती दाखवली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलांनी एकच धोशा लावला, "हा गेममध्ये कधी येणार?"

दिवाळीला काम सुरू केलं आणि मे महिन्यात आठ जण एकत्र खेळू शकतील असा छोटा विज्ञानकथेचा गेम उभा राहिला. या कामाची मराठीत नीट मांडणी मला कुठे सापडली नव्हती, म्हणून ती पायरीपायरीने देते आहे. चित्रं काढायची सवय, ब्लेंडरची (त्रिमितीय मॉडेलं आणि ॲनिमेशन करायच्या सॉफ्टवेअरची) तोंडओळख आणि बऱ्यापैकी चालणारा कॉम्प्युटर एवढं हाताशी असेल तर सुरुवात करता येते.

आधी हक्क पाहा

दुसऱ्याची मालिका आवडली म्हणून तिची पात्रं उचलून सार्वजनिक गेममध्ये टाकता येत नाहीत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो आणि ॲनिमेशनही त्यातच मोडतं. गेम फुकट वाटलात म्हणून परवानगी लागत नाही असं नाही. मालिका तुमची स्वतःची असली, तरी ज्यांनी पार्श्वभूमी रंगवल्या, ज्यांनी आवाज दिले, त्यांची लेखी संमती घ्या. आमच्या मालिकेत बंदरप्रमुखाचा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा आहे. त्यांच्याकडूनही दोन ओळींचा कागद सही करून घेतला. घरच्या माणसांशी हे बोलताना अवघडल्यासारखं होतं, पण करा.

कोणत्या गेममध्ये?

मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन गेममध्ये बाहेरच्या माणसाला नवं पात्र घालता येत नाही. सर्व्हर त्यांचा असतो, आणि आपल्या कॉम्प्युटरवरच्या फायली बदलल्या तर खातं बंद होण्याचीच शक्यता जास्त. स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळकथांच्या मालिकेवरचा स्टार ट्रेक ऑनलाइन हा गेम २०१० साली आला. त्यात खेळाडूंना स्वतःच्या मोहिमा रचता याव्यात म्हणून फाउंड्री नावाची सोय होती. लोकांनी जीव ओतून त्यात कथा रचल्या. एप्रिल २०१९ मध्ये ती सोय बंद झाली. तेव्हा दुसऱ्याच्या अंगणात काम करणार असाल तर मूळ चित्रं, संवाद, नकाशे यांची प्रत कायम स्वतःकडे ठेवा.

आम्ही गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, घेतलं. ते फुकट आहे, त्याचा परवाना मोकळा आहे आणि चौथ्या आवृत्तीपासून अनेक खेळाडूंच्या जोडणीची सोय चांगली झाली आहे. पुढचं सगळं ब्लेंडर आणि गोडो या जोडीला धरून लिहिलं आहे.

काय उचलायचं, काय सोडायचं

इथे घाई करू नका. मालिका पुन्हा पाहा, आवाज बंद करून पाहा आणि वहीत दोन रकाने आखा. एका बाजूला कागदावर स्वस्त होतं ते, दुसऱ्या बाजूला गेममध्ये स्वस्त असेल ते. हे दोन रकाने फार क्वचित जुळतात.

१९७३-७४ साली आलेल्या स्टार ट्रेकच्या ॲनिमेशन मालिकेचंच पाहा. फिल्मेशन या कंपनीने तिचे २२ भाग केले. खरे नट घेऊन केलेल्या आधीच्या मालिकेत जे परवडत नव्हतं ते इथे पेन्सिलीने साधलं. यानाच्या दिशादर्शकाच्या जागी आला अरेक्स, तीन हात आणि तीन पायांचा. चित्रात तिसरा हात म्हणजे चार रेषा जास्त. पण गेममध्ये सगळी पात्रं बहुधा एकाच सांगाड्यावर, म्हणजे मॉडेलला आतून हलवणाऱ्या हाडांच्या एकाच जोडणीवर, उभी असतात. चालणं, धावणं, बंदूक धरणं, शिडी चढणं हे त्या दोन हात दोन पायांच्या सांगाड्यासाठी एकदाच बनवतात आणि सगळ्यांना वापरतात. तीन पायांचं पात्र आलं, की यातली प्रत्येक हालचाल नव्याने करावी लागते, कपडेही नव्याने शिवावे लागतात. त्याच मालिकेतली मांजरासारखी दिसणारी मरेस मात्र दोन हात, दोन पाय आणि वर एक शेपूट अशी आहे. शेपटीची चार हाडं जोडली की काम भागतं. तिची केटियन जमात स्टार ट्रेक ऑनलाइनमध्ये खेळायला मिळते.

उलटंही होतं. त्या मालिकेत अंतराळवीर पोशाखाऐवजी पट्टा बांधतात आणि त्यांच्याभोवती पिवळसर कडा चमकते. पोशाख काढण्यापेक्षा कडा काढणं सोपं होतं, म्हणून ही युक्ती. गेममध्येही ती तितकीच स्वस्त पडते. अशा गोष्टी आधी उचला.

आमच्या अग्निपंखाला पंखही होते आणि हातही. आम्ही हात काढून टाकले. पंखांच्या टोकांनीच तो यानाची कळ धरतो. सहा भागांत तो हाताने काही करतो असे प्रसंग फक्त तीन निघाले, तेव्हा कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

मॉडेल

कार्टूनचं पात्र एका बाजूने पाहण्यासाठी काढलेलं असतं. गेममध्ये लोक त्याच्याभोवती फिरतात, वरून पाहतात, पायाशी कॅमेरा नेतात. म्हणून आधी समोरून, बाजूने, तिरकं आणि पाठीमागून अशी चार चित्रं एका मापात काढा. इथेच खोट उघडी पडते. अग्निपंखाची सगळी ओळख म्हणजे मधेच मोडलेली ती चोच. बाजूने झोकदार दिसते, समोरून पाहिली तर नुसता काळा ठिपका. सहाही भागांत आम्ही त्याला समोरून कधी दाखवलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी चोच समोरून खऱ्यापेक्षा दुप्पट रुंद केली आणि काळं टोक जरा खाली ओढलं. मग सगळं पात्र काळ्या रंगाने भरून, नुसत्या सावलीवरून ओळखू येतं का ते पाहा. हे प्रत्येक बाजूने करा.

रंग मालिकेच्या तयार चौकटीतूनच (फ्रेममधूनच) उचला. ब्लेंडर मुळात जी रंगव्यवस्था लावून येतं तिने कार्टूनचे चटक रंग फिके पडतात. सेटिंगमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म 'स्टँडर्ड' करा. आमचा गुलाबी रंग आठवडाभर मातकट दिसत होता, त्याचं कारण एवढंच होतं. छायेसाठी उजेड आणि सावली अशा दोनच छटा पुरतात.

काळ्या रेषेची युक्ती जुनी आणि भरवशाची आहे. त्याच मॉडेलची जरा फुगवलेली काळी प्रत त्याच्यावर चढवायची आणि तिचे पृष्ठभाग आतबाहेर उलटे करायचे. समोरची बाजू दिसत नाही, फक्त कडेला काळी किनार उरते. ब्लेंडरमध्ये सॉलिडिफाय मॉडिफायरने हे होतं. त्यात नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची दिशा) उलटे करा आणि काळ्या मटेरियलला बॅकफेस कलिंग लावा, म्हणजे पृष्ठभागाची मागची बाजू दिसत नाही.

डोळ्यांना हाडं जोडू नका. उघडा, अर्धा मिटलेला, मिटलेला, रागावलेला, घाबरलेला असे पाच डोळे एकाच चित्रात काढून ठेवा आणि गेममध्ये ते चित्र सरकवा. कार्टूनमध्ये डोळा असाच टचकन बदलतो.

सांगाडा

पक्ष्यासाठी एक सूचना. फ्लेमिंगोचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं, तो गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. माझ्या भाच्याने सुरुवातीला दोन हाडांचा पाय केला आणि पाय दुमडला की गाठ पोटात शिरायची. "आत्या, हा बसतच नाहीये," म्हणून तो दोन दिवस झगडला. मांडी, नडगी आणि पावलाचं लांब हाड अशी तीन हाडं दिल्यावर पाय सुटला. एकूण ४२ हाडांत आमचा पक्षी झाला.

चाल

माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथे आहे. पात्राचा चेहरा हुबेहूब उतरला आणि चाल गेमसारखी गुळगुळीत राहिली, तर मुलं लगेच म्हणतात, "हा तो नाही."

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. कार्टूनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. टीव्हीच्या स्वस्त मालिका त्याहूनही कमी चित्रांत भागवतात. त्या थांबण्यातूनच कार्टूनचा ठेका येतो. कॉम्प्युटरला मात्र दोन चित्रांच्या मधली जागा भरायची सवय असते, आणि ती मोडावी लागते. २०१४ मध्ये आलेल्या गिल्टी गिअर एक्सर्ड या जपानी गेमने त्रिमितीय मॉडेलं अशीच थांबत थांबत हलवली आणि पाहणाऱ्यांना ती हाताने काढलेली चित्रं वाटली.

ब्लेंडरमध्ये सगळ्या की (नोंदवलेल्या पोझ) निवडून इंटरपोलेशन, म्हणजे मधली जागा भरण्याची पद्धत, 'कॉन्स्टंट' करा आणि दर दुसऱ्या चौकटीला एक पोझ द्या. गोडोमध्ये फाइल आणताना ॲनिमेशनचा वेग तो आपोआप ३० धरतो, तिथे २४ लिहा. आल्यावर प्रत्येक ट्रॅक (एकेका हाडाच्या हालचालीची नोंद) 'निअरेस्ट'वर आहे ना ते तपासा आणि एका हालचालीतून दुसरीत जातानाची मिसळण शून्य करा. यातलं एक जरी राहिलं तरी सगळं परत तेलकट होतं.

आमची परीक्षा उड्डाणात होती. खरा अग्निपंख जागच्या जागी उडत नाही. मान पुढे ताणून तो पाण्यावर धावतो आणि मग उचलला जातो. मालिकेत हे धावणं आठ चित्रांत होतं. मान ताणलेलं चित्र चार चौकटी धरलेलं, मग पायांची सहा चित्रं भराभर, आणि शेवटी पंख पूर्ण उघडलेलं चित्र पुन्हा चार चौकटी. गेममध्ये हीच मापं जशीच्या तशी बसवली. पहिल्यांदा पडद्यावर तो धावत उठला तेव्हा आम्ही चौघंही गप्प झालो होतो.

इथे एक सावधगिरी बाळगा. थांबत चालायचं ते अंगाने. पात्राची जागा आणि कॅमेरा मात्र प्रत्येक चौकटीला सरकलाच पाहिजे. आम्ही सुरुवातीला जागाही १२ च्या ठेक्यावर ठेवली. सगळे खेळणारे एकच तक्रार करत होते, "नेट अडकतंय." नेट उत्तम होतं.

आठ जण एकाच खाडीत

ऑनलाइन खेळताना सांगाडा नेटवरून पाठवू नका. हिशेब करून पाहा. ४२ हाडं, प्रत्येकाच्या फिरण्याला १६ बाइट, सेकंदाला २० वेळा म्हणजे एका पक्ष्यामागे १३ किलोबाइट. बाकीचे सात पक्षी धरले तर सेकंदाला नव्वदच्या वर, तेही प्रत्येक खेळाडूकडे. त्याऐवजी 'धावतोय', 'उडतोय', 'चोच पाण्यात' अशा क्रियांना आकडे द्या आणि तो आकडा बदलला तरच पाठवा. हालचाल ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर खेळते. जागा सेकंदाला २० वेळा पाठवली तरी चालतं, फक्त मधल्या जागा समोरच्या कॉम्प्युटरला भरायला सांगा. गोडोतला मल्टिप्लेअर सिंक्रोनायझर (सगळ्या कॉम्प्युटरांवरची माहिती जुळवणारा भाग) मधल्या जागा आपणहून भरत नाही, तेवढा कोड हाताने लिहावा लागतो.

भागाची मोहीम करताना

मालिकेत नायक ठरवतो आणि आपण बघतो. गेममध्ये ठरवायचं काम खेळणाऱ्याकडे जातं. प्रत्येक भागातून एकच निर्णयाचा क्षण काढा आणि तो खेळाडूच्या हाती द्या. आमच्या तिसऱ्या भागात भरती चढत असते आणि एकाच फेरीत बंदरावरची माणसं किंवा औषधांची पेटी यातलं एकच उचलता येतं. मालिकेत अग्निपंख माणसं उचलतो. गेममध्ये आठ जण आहेत, तेव्हा त्यांनी आपसात बोलून वाटून घ्यायचं. संवादही कापावे लागतात. काकूंचं दीड मिनिटाचं भाषण होतं, त्यातलं "पाणी चढतंय रे, आटपा!" एवढंच ठेवलं, आणि ते पुन्हा नव्याने रेकॉर्ड केलं. कपाटात, गोधड्यांच्या मधे, पंखा बंद करून आणि दुपारी हॉर्न कमी असताना.

खेळून बघा

सुट्टीतल्या एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आठ लॅपटॉप मांडा आणि मालिका पाहिलेली चार, न पाहिलेली चार अशी मुलं बसवा. तुम्ही काही सांगू नका, मागे वही घेऊन उभे राहा. मूल कुठे अडलं, कुठे हसलं, कोणती कळ पुन्हा पुन्हा दाबली एवढंच लिहा. आमच्याकडे मालिका न पाहिलेली एक मुलगी मोहीम सोडून वीस मिनिटं नुसती धावत उडत आणि परत उतरत होती. त्या रात्री आम्ही खाडीचा चिखल नकाशात दुप्पट लांब केला.